वाचकांचे प्रश्न : ड्रायव्हरचा बायोडाटा

प्रश्न : मी बारा वर्षे ट्रक चालवतो आहे. दोन मालकांकडे काम केले, पण अनुभवाचा दाखला कोणीच दिला नाही. आता बेळगावात एखाद्या कंपनीत कायमची नोकरी मिळावी अशी इच्छा आहे. झेरॉक्सच्या दुकानातून दोन पानांचा बायोडाटा करून घेतला आणि मच्छे व उद्यमबाग या औद्योगिक वसाहतींत आठ ठिकाणी दिला. पण एकाही ठिकाणाहून फोन आला नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले आहे, म्हणून असे होत असेल का? बायोडाटाची प्रत सोबत पाठवली आहे.
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : प्रत पाठवलीत हे फार बरे केलेत, कारण अडचण शिक्षणाची नसून त्या कागदाची आहे. ट्रान्सपोर्ट, म्हणजे भाड्याने चालणाऱ्या व्यावसायिक गाडीच्या लायसन्ससाठी आठवी पास असण्याची जी अट होती, ती केंद्र सरकारने २०१९ मध्येच काढून टाकली आहे. आपला बायोडाटा मात्र 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' नावाच्या चार इंग्रजी ओळींनी सुरू होतो, त्याखाली वडिलांचे नाव, धर्म, वैवाहिक स्थिती आणि छंद येतात, आणि दुसऱ्या पानाच्या तळाशी 'ड्रायव्हिंगचा बारा वर्षांचा अनुभव' अशी एकच ओळ उरते. ज्या माणसाला ड्रायव्हर हवा आहे तो कागद उभ्या उभ्या चाळतो. त्याला तीन गोष्टी हव्या असतात : लायसन्स कोणते, गाडी कोणती, रस्ता कोणता. या तिन्ही गोष्टी पहिल्या पानाच्या वरच्या अर्ध्या भागात दिसल्या पाहिजेत, आणि दुसऱ्या पानाची गरजच पडू नये.

नाव, गाव आणि मोबाइल नंबर यांच्याखाली लगेच लायसन्सची ओळ लिहावी. येथे बहुतेकांची एक चूक होते. कार्डावर मुदतीच्या दोन तारखा असतात, एक खासगी गाडीसाठी आणि दुसरी ट्रान्सपोर्टसाठी. खासगीची तारीख बहुधा पुढची असते, म्हणून तीच लिहिली जाते. पण ट्रक चालवण्यासाठी ट्रान्सपोर्टची तारीख धरली जाते, आणि ती मुदत पाच वर्षांचीच असते. आपल्या बायोडाटातही पुढची तारीखच दिलेली आहे. ती बदलावी. मुदत संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज ती संपण्याच्या एक वर्ष आधीपासून करता येतो. उलट मुदत संपून वर्ष उलटले तर पुन्हा परीक्षा द्यावी लागते. मुदत सहा महिन्यांवर आलेले लायसन्स घेऊन नोकरी शोधण्यापेक्षा आधी नूतनीकरण करून मग बायोडाटा द्यावा, असे माझे मत आहे.

आता अनुभवाबद्दल. 'बारा वर्षांचा अनुभव' या शब्दांतून समोरच्याला काहीच दिसत नाही. आपण पत्रात जे लिहिले आहे, तेच बायोडाटात असे लिहिता येईल :

'२०१३ ते २०१९ : दहाचाकी ट्रक. मच्छे ते पुणे, निपाणी-कोल्हापूर-सातारा मार्गे. फाउंड्रीचे कास्टिंग. आठवड्यात दोन फेऱ्या, बहुतेक रात्रीच्या.'

'२०१९ ते आजपर्यंत : सहाचाकी ट्रक. बेळगाव ते फोंडा व मडगाव, रामनगर-अनमोड मार्गे. भाजीपाला. पहाटे बाजार उघडण्याआधी माल पोहोचवणे.'

या दोन नोंदी वाचणाऱ्याला कळते की या माणसाने भरलेली गाडी अनमोड घाटात पावसाळ्यात उतरवलेली आहे, आणि भाजी वेळेवर पोहोचली नाही तर काय नुकसान होते हे त्याला ठाऊक आहे. घाटात गाडी गिअरवर धरून उतरवणे आणि सतत ब्रेक दाबून लायनर तापवणे यांतला फरक ट्रान्सपोर्टवाल्याला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रस्त्याचे नाव वाचले की त्याला तो कळतो. म्हणून रस्त्यांची नावे गाळू नयेत.

याखाली एका परिच्छेदात गाडीशिवायची कामे लिहावीत. राज्याची सीमा ओलांडणाऱ्या पन्नास हजारांवरच्या बहुतेक मालाला इ-वे बिल, म्हणजे जीएसटीचा ऑनलाइन वाहतूक परवाना लागतो, आणि त्याची मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. गाडी वाटेत बंद पडली तर मुदत संपण्याआधी ऑफिसला फोन करून ती वाढवून घ्यावी लागते, हे ज्याला माहीत आहे तो ड्रायव्हर मालकाचा दंड वाचवतो. आपल्याला बिल्टी (मालासोबतची वाहतुकीची पावती) वाचता येते, ताडपत्री बांधता येते, फास्टॅगची शिल्लक पाहता येते आणि रोज सकाळी हवा, पाणी, ऑइल तपासण्याची सवय आहे, असे आपण पत्रात लिहिले आहे. बायोडाटात मात्र यातले एक अक्षरही नाही.

दाखला नसला तरी जुन्या मालकांचे नाव, गाव आणि फोन नंबर देता येतो. फक्त आधी त्यांना विचारून घ्यावे, म्हणजे अनोळखी नंबरवरून फोन आला की ते गडबडणार नाहीत. त्यांच्या लेटरहेडवर 'अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत आमची गाडी चालवली' एवढे एक वाक्य आणि सही मिळाली तरी पुरते. पगार किंवा सोडण्याचे कारण त्यात नसले तरी चालेल.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाकडे फक्त कारचे, म्हणजे एलएमव्ही लायसन्स आहे. त्याला पिकअप चालवण्याची नोकरी करायची आहे. काही जण म्हणतात की ट्रान्सपोर्टचा शिक्का नसेल तर अर्जच करू नये. बायोडाटात काय लिहावे?
— एक वाचक, निपाणी

उत्तर : आपल्या भावाने अर्ज जरूर करावा. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की एलएमव्ही लायसन्स असलेल्या व्यक्तीला ७५०० किलोपर्यंत एकूण वजनाची मालवाहू गाडी चालवण्यासाठी वेगळ्या ट्रान्सपोर्ट नोंदीची गरज नाही. एकूण वजन म्हणजे गाडी आणि माल मिळून. ते आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर छापलेले असते. छोटा हत्ती किंवा बोलेरो पिकअप या मर्यादेत सहज बसते. आयशरसारख्या गाडीच्या बाबतीत मात्र आरसी पाहिल्याशिवाय होकार देऊ नये, कारण एकाच नावाची मॉडेल्स वेगवेगळ्या वजनांची असतात.

बायोडाटात 'एलएमव्ही लायसन्स, ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्या' असे स्पष्ट लिहावे. त्याने 'हेवी' हा शब्द वापरू नये. पुढे मोठी गाडी चालवायची असेल तर एलएमव्ही लायसन्स मिळून एक वर्ष झाल्यावर आणि वयाची वीस वर्षे पूर्ण असल्यावर ट्रान्सपोर्टच्या शिकाऊ लायसन्ससाठी अर्ज करता येतो, आणि तो केलेला असल्यास बायोडाटात तसा उल्लेख अवश्य करावा.

प्रश्न : बायोडाटा मराठीत द्यावा, कन्नडमध्ये की इंग्रजीत? माझ्या लायसन्सवर 'बेळगाव' आहे आणि आधारवर 'बेळगावी' आहे, त्याने अडचण येईल का?
— एक वाचक, चिक्कोडी

उत्तर : शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे बदलले, त्यामुळे जुन्या व नव्या कागदांवर हा फरक हजारो लोकांच्या बाबतीत आहे आणि त्यावरून कोणी अडवत नाही. खरी अडचण आपल्या नावाची असते. लायसन्सवर आडनाव आधी आणि आधारवर ते शेवटी, किंवा एकावर वडिलांचे पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर फक्त आद्याक्षर, असे असेल तर बायोडाटात लायसन्सप्रमाणेच नाव लिहावे.

भाषेचे म्हणाल तर कंपनीला साध्या इंग्रजीत एक पान द्यावे आणि ओळखीच्या ट्रान्सपोर्ट मालकाला त्याच्या भाषेत, मग ती मराठी असो वा कन्नड. आपल्या भागातला ड्रायव्हर संकेश्वरात कन्नड, कोल्हापुरात मराठी, पणजीत कोकणी आणि मुंबईत हिंदी बोलून काम करून येतो. ही आपली मोठी जमेची बाजू आहे, आणि बायोडाटात ती 'भाषा : सर्व' अशा एका शब्दात संपवली जाते याचे मला वाईट वाटते. 'कन्नड बोलतो व वाचतो', 'मराठी बोलतो, लिहितो', 'कोकणी समजते' असे वेगवेगळे लिहावे. कन्नड वाचता येत नसेल तर तसा दावा करू नये, पण शिकायला आजपासून सुरुवात करावी. राज्य परिवहन महामंडळाच्या भरतीत बायोडाटा चालत नाही, जाहिरातीत सांगितलेला अर्जच भरावा लागतो, आणि तेथे कन्नडचे ज्ञान मागितले जाते.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीला अपघात झाला. कोणी दगावले नाही, पण मालकाने कामावरून काढले. मधली दोन वर्षे मी शेती केली. हे बायोडाटात लिहावे की लपवावे?
— एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर : बायोडाटात अपघाताची हकीकत लिहिण्याची गरज नाही, मात्र 'या काळात गावी शेती' अशी सरळ ओळ लिहून ती दोन वर्षे भरावीत. तारखा ओढूनताणून जुळवू नयेत, कारण जुन्या मालकाला एक फोन केला की ते उघड होते आणि मग बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. समोरासमोर विचारले तर काय घडले, त्यात आपली चूक किती होती आणि त्यानंतर आपण कोणती काळजी घेऊ लागलात, हे शांतपणे सांगावे.

आपण पत्रात लिहिले आहे की एका एजंटने नोकरीसाठी मूळ लायसन्स आणि पाच हजार रुपये मागितले आहेत. कृपा करून यातले काहीही देऊ नये. बायोडाटासोबत झेरॉक्स पुरते, आणि मूळ कार्ड मालकालाही केवळ पाहण्यापुरते दाखवून परत घ्यावे.