'काही लागलं तर सांगा' म्हणणाऱ्यांना नेमकं काय सांगायचं?

घरात मोठं आजारपण आलं की समुपदेशनाला येणारे नातेवाईक पहिल्या भेटीत आजाराबद्दल फारसं बोलतच नाहीत. ते माणसांबद्दल बोलतात. "सगळे म्हणतात, काही लागलं तर सांगा. पण सांगायचं काय? आणि मागायचं कोणत्या तोंडाने?" हा प्रश्न इतक्या घरांतून येतो की त्याचं उत्तर एका उदाहरणातून दिलेलं बरं. खालची हकीकत अशा अनेक कुटुंबांचे अनुभव एकत्र करून मांडली आहे. ओळख पटेल असं त्यात काही ठेवलेलं नाही.

सातारा जिल्ह्यातलं एक गाव. अडतीस वर्षांचा माणूस, स्वतःच्या टेम्पोतून आसपासच्या वाड्यांवरचं दूध गोळा करून डेअरीला पोचवणारा. ताप हटेना, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, अंगावर काळेनिळे डाग उठले. तपासणीत अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग निघाला आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपचार ठरले. बायको त्याच्यासोबत मुंबईत. दोन मुलं आणि म्हातारी आई गावी, थोरल्या भावाच्या घरी. समुपदेशनाला आल्या त्या थोरल्या वहिनी.

निदान झालं त्याच रात्री घरच्यांनी एक मेसेज फिरवला होता. "आमच्या भाऊजींना ब्लड कॅन्सर झाला आहे. रक्ताची व पैशांची अत्यंत तातडीने गरज आहे. हा मेसेज जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा." खाली वहिनींचा नंबर. सोबत लग्नातला फोटो. त्यानंतर फोन थांबेनात. निम्मे फोन भलत्याच रक्तगटाच्या लोकांचे, काही जडीबुटीवाल्यांचे, काही नुसतेच हळहळ व्यक्त करणारे. सातवीतल्या मुलीला 'कॅन्सर' हा शब्द पहिल्यांदा वर्गातल्या मैत्रिणीकडून कळला. आणि तोच मेसेज फिरत फिरत वॉर्डात पडलेल्या भाऊजींच्या मोबाइलवर आला. ते दोन दिवस थोरल्या भावाशी बोलले नाहीत.

म्हणून आम्ही सुरुवात रुग्णापासूनच केली. आपल्याकडे अशा वेळी घरातली वडीलधारी माणसं सगळं ठरवतात, त्यामागे मायाच असते. पण ज्याचं आजारपण आहे तो शुद्धीवर आहे, त्याला विचारायलाच हवं: आजाराचं नाव सांगायचं का, कोणाकोणाला सांगायचं, फोटो टाकायचा की नाही, पैसे मागितलेले चालतील का. भाऊजींचं म्हणणं अगदी स्पष्ट होतं. नाव सांगा, फोटो नको, आणि पोरांना आता तरी नीट काय ते आपल्या तोंडून कळू दे. मुलांना सांगायचे शब्द वहिनींनी आमच्यासमोर बसून ठरवले: "पप्पांच्या रक्तात आजार झालाय. औषधाने केस जातील, पुन्हा येतील. हा आजार शिवल्याने होत नाही आणि तुमच्यामुळे झालेला नाही." शेवटचं वाक्य मुलांना विशेष लागतं. आपण हट्ट केला म्हणून पप्पा आजारी पडले, असं लहान मुलं मनात धरून बसतात आणि बोलत नाहीत. सासूबाईंना वेगळाच घोर होता, नातीच्या लग्नात कोणी बोट दाखवेल का? बहुतेक ल्युकेमिया आनुवंशिक नसतात, हे त्यांना उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून ऐकवलं. आमच्या सांगण्यापेक्षा ते त्यांना पटलं.

मग 'कोणत्या तोंडाने' या प्रश्नाकडे वळलो. वहिनींना विचारलं, भांगलणीला सावड घालताना लाज वाटते का? नाही वाटत. कारण किती माणसं, कोणत्या दिवशी, कोणाच्या रानात हे ठरलेलं असतं आणि आपणही उद्या त्यांच्या रानात जाणार असतो. 'मदत करा' हे मोघम मागणं जड जातं. 'गुरुवारी सकाळी दहा वाजता बी पॉझिटिव्ह गटाचा एक माणूस परळला हवा' हे मागणं सोपं, आणि ऐकणाऱ्यालाही हो किंवा नाही म्हणणं सोपं. 'काही लागलं तर सांगा' म्हणणारी माणसं खोटी नसतात. फक्त काय लागतंय हे शोधायचं काम ती नकळत सगळ्यात दमलेल्या माणसावर टाकतात.

या आजारात काय लागतं ते आधीच बऱ्यापैकी ठरलेलं असतं. पहिल्या फेरीत साधारण आठवडाभर केमोथेरपी चालते, पण त्यानंतर तीन-चार आठवडे रक्तातल्या पेशी खाली जाऊन बसतात. खरी धावपळ त्या काळात होते. आजार आटोक्यात आला की केमोच्या आणखी तीन-चार फेऱ्या, काहींना अस्थिमज्जा प्रत्यारोपण, म्हणजे दात्याच्या रक्त तयार करणाऱ्या पेशी रुग्णाला देणं. म्हणजे सगळं मिळून पाच-सहा महिने तर धराच. गावाची ऊर्जा मात्र पहिल्या पंधरवड्यात ओसंडते आणि दुसऱ्या महिन्यात आटते. सगळी माणसं एकदम वापरायची नाहीत, हा आमचा पहिला आग्रह असतो.

या घरात नेमकं उलट घडत होतं. तरुण मंडळाने गावात रक्तदान शिबिर घ्यायचं ठरवलं होतं. हेतू मोलाचा, पण शिबिराचं रक्त जातं जिल्ह्यातल्या रक्तपेढीत. रुग्ण परळला, आणि त्याला रक्तापेक्षा जास्त लागतात प्लेटलेट, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी. शिवाय एकदा पूर्ण रक्त दिलं की पुरुषाला पुढचे ९० दिवस आणि बाईला १२० दिवस ते पुन्हा देता येत नाही. प्लेटलेट द्यायच्या तरी २८ दिवस थांबावं लागतं. गावातले सगळे धडधाकट दाते एका रविवारी संपले असते. शिबिर पुढे ढकललं आणि मंडळाच्या पोरांनी वही घातली: नाव, रक्तगट, वजन, शेवटचं रक्तदान कधी, मुंबईत राहतो की गावी.

प्लेटलेटसाठी एसडीपी (सिंगल डोनर प्लेटलेट, म्हणजे एकाच दात्याच्या प्लेटलेट) म्हणतात ती पद्धत वापरतात. दात्याचं रक्त यंत्रातून फिरवून फक्त प्लेटलेट काढून घेतात, बाकीचं त्याला परत देतात. सुईवर तास-दीड तास जातो. त्याआधी नमुना घेऊन प्लेटलेटची संख्या, हिमोग्लोबिन आणि कावीळ, एचआयव्ही वगैरेंच्या चाचण्या होतात. म्हणून दात्याला अर्ध्या दिवसाची सवड काढून यायला सांगायचं, जमल्यास नमुना आदल्या दिवशीच द्यायला लावायचा. प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, कोपरातली शीर ठसठशीत हवी, तीन दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नको, वर्षभरात गोंदवलेलं नको. उपाशी येऊ नये. चालू असताना ओठांभोवती मुंग्या येतात. रक्त गोठू नये म्हणून जे द्रव्य घालतात त्याने कॅल्शियम तात्पुरतं कमी होतं, तिथल्या माणसाला सांगितलं की कॅल्शियमची गोळी देतात. हे आधी माहीत नसलेला दाता घाबरतो आणि घरी जाऊन दहा जणांना घाबरवतो. एसडीपीचा दाता नियमाप्रमाणे ४८ तासांनी पुन्हा देऊ शकतो. पण पिशवी जेमतेम पाच दिवस टिकते, त्यामुळे आधीपासून साठवून ठेवता येत नाही. पडत्या काळात दर दोन-तीन दिवसांनी एक पिशवी लागू शकते, म्हणून एका दिवसाला एक दाता आणि एक राखीव असा तक्ता केला.

थोरला भाऊ सगळ्यात आधी बाह्या सरसावून गेला होता. त्याला नाही म्हणून सांगितलं गेलं, तेव्हा तो कोपऱ्यात जाऊन रडला. कारण नीट समजावलं असतं तर ती वेळ आली नसती. प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर सख्ख्या नातेवाइकांचं रक्त टाळतात. रुग्णाच्या शरीराने त्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार केली तर पुढे त्याच भावाच्या पेशी नाकारल्या जाण्याचा धोका वाढतो. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता साधारण चारात एक. म्हणजे भावाला प्रत्यारोपणासाठी राखून ठेवलं होतं. हे कळल्यावर त्याचा चेहरा बदलला.

नवा मेसेज असा लिहिला: "परळ, टाटा मेमोरियल. बी पॉझिटिव्ह, एसडीपी दाता हवा. मंगळवार सकाळी १०, साधारण चार तास लागतील. वजन ५५ किलोच्या वर. फोन फक्त खालच्या नंबरवर. बुधवारनंतर हा मेसेज पुढे पाठवू नये." शेवटची ओळ विसरू नका. तारीख नसलेला मेसेज महिनोन्महिने फिरतो आणि फोन येतच राहतात. नंबर मुंबईतल्या एका चुलतभावाचा दिला. समन्वय करणारा माणूस रुग्णाजवळचा नसावा, शांत डोक्याचा असावा आणि त्याला नाही म्हणता यावं. आठवड्यातून दोनदा तब्येतीची बातमी तोच टाकायचा. वहिनींचा फोन त्या दिवसापासून मोकळा झाला.

साताऱ्याकडच्या कितीतरी गावांच्या लालबाग-परळला जुन्या खोल्या आहेत, ग्रामस्थ मंडळाच्या ताब्यातल्या. या गावाचीही होती. सोबतीला येणाऱ्यांची झोपायची सोय तिथे झाली. रुग्णाला मात्र दोन फेऱ्यांच्या मध्ये तिथे ठेवू नका, असं आम्ही ठामपणे सांगितलं. एका खोलीत आठ-दहा माणसं, सामाईक मोरी, कोणी ना कोणी खोकणारं. पांढऱ्या पेशी कमी असताना ते चालत नाही. रुग्णासह राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती असे पर्याय आहेत. त्यासाठी रुग्णालयातल्या समाजसेवा विभागाकडे पहिल्याच दिवशी जावं, कारण यादी मोठी असते.

पैशांत सगळ्यात जास्त नाती तुटतात, म्हणून इथे जरा थांबतो. आधी सरकारी दार ठोठवायचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, फोन १५५३८८. मुख्यमंत्री सहाय्यता निधीला खर्चाचं अंदाजपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शिधापत्रिका, आधार लागतं. तो निधी रुग्णालयाला जातो आणि आधीच भरलेल्या बिलाची भरपाई करत नाही, म्हणून अर्जाला उशीर नको. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला ७५ टक्के. रुग्णालयाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

लोकांकडून आलेला पैसा शक्यतो थेट रुग्णालयातल्या रुग्णाच्या खात्यावर भरायला सांगावा. टाटा मेमोरियलमध्ये स्मार्ट कार्डावर तो भरता येतो. नातेवाईक सोडून इतरांकडून वर्षात एकूण ५० हजारांच्या वर रक्कम स्वतःच्या खात्यात आली तर ती करपात्र ठरू शकते. मोठी रक्कम जमणार असेल तर आधी सीएला विचारा. क्यूआर कोडचा फोटो सगळीकडे फिरवू नका, कोड बदलून पैसे लाटणारे आहेत. हिशेब दोघांनी ठेवावा आणि दर रविवारी वहीच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकावा. या वहीत आम्ही एक रकाना वाढवायला लावला: 'दिलेले' की 'उसने'. पैसे हातात घेतानाच देणाऱ्याला विचारून लिहायचं. पाच वर्षांनी बांधावरच्या भांडणात निघतो तो हाच प्रश्न, आणि तोवर कोणालाच नीट आठवत नसतं.

पण या घराला सगळ्यात मोठा आधार मिळाला तो दुधाच्या टेम्पोतून. मावसभावाने फेरी चालू ठेवायची तयारी दाखवली, 'फुकट करतो' म्हणाला. फुकट काम पहिला महिना होतं, पुढे घरातून कुरबुर सुरू होते. म्हणून डिझेल आणि त्याचा ठरलेला रोज वजा जाता उरलेले पैसे भाऊजींच्या बायकोच्या खात्यावर, असं पहिल्याच दिवशी बोलून घेतलं. गवळी तुटले नाहीत, टेम्पोचे हप्ते थकले नाहीत.

भेटायला येणाऱ्यांना 'येऊ नका' म्हणणं गावात फार जड. त्याऐवजी "डॉक्टरांनी अमुक तारखेपर्यंत भेट बंद ठेवली आहे, आईंना भेटायला जरूर या" असं सांगितलं. लोक आले, म्हातारीजवळ बसले, तिला बरं वाटलं. नारळ, अंगारा, प्रसाद घरच्या देव्हाऱ्यापाशी ठेवला, मुंबईला पाठवला नाही. मुंबईतून डबा देणाऱ्या तीन घरांना लिहून दिलं: ताजं शिजवलेलं, गरम, दोन तासांच्या आत पोचेल असं. कोशिंबीर, कच्चा कांदा, ओली चटणी, बाहेरचं दही नको. फळ साल काढायचं असलेलंच, केळं किंवा संत्रं.

दोन फेऱ्यांच्या मध्ये डॉक्टरांच्या परवानगीने भाऊजी गावी आले तेव्हा रात्रीच्या गाडीची पाळी लावली, दोन गाडीवाले, एक आठवडा एकाचा, एक दुसऱ्याचा. ताप ३८ अंश सेल्सियस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दिसला की तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. कुठल्या रुग्णालयात जायचं हे टाटामधल्या डॉक्टरांना आधीच विचारून कागदावर लिहून टेम्पोच्या चावीसोबत अडकवलं होतं. ही पाळी एकदा रात्री दोन वाजता उपयोगी पडली.

उपचार संपल्यावर ग्रुप आपोआप विझू देऊ नका. शेवटचा हिशेब टाका, दात्यांचे नंबर कोणाला देणार नाही हे सांगा, उरलेल्या पैशांचं काय करायचं ते देणाऱ्यांना विचारा. 'उसने' रकान्यातल्या माणसांना मात्र एकेकट्याने फोन करायचा, परत कधी देणार त्याच्या तारखेसह.