होर्डिंगवर चित्र फाटलं, पैसे थ्रीडीवाल्याचे अडले

प्रश्न : मी पुण्यात थ्रीडी व्हिज्युअलायझर आहे. एका जाहिरात एजन्सीने बिल्डरच्या गृहप्रकल्पासाठी ४० बाय २० फुटी होर्डिंगचं रेंडर (थ्रीडी मॉडेलवरून संगणकाने तयार केलेलं चित्र) मागवलं. माझ्या कोटेशनवर त्यांनी ईमेलने 'ओके' कळवलं, वेगळा करार नाही. १४४०० बाय ७२०० पिक्सेलची टिफ (छपाईला देतात तो चित्राचा प्रकार) फाइल मी लिंकवरून दिली. त्यानंतर २६ दिवसांनी मेल आला : 'चित्र फाटलं (पिक्सेल सुटे दिसतात), ३०० डीपीआय (इंचामागे ३०० ठिपके) द्यायला हवं होतं. उरलेले ८५,००० रुपये मिळणार नाहीत. फ्लेक्सचा खर्च आणि बुकिंग बुडाल्याची भरपाई द्या, शिवाय मूळ थ्रीडी फाइलही द्या.' माझी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) २०२२ पासून आहे. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी तो फ्लेक्स गाठा. होर्डिंगची मुदत संपली की फ्लेक्स उतरतो आणि ताडपत्री म्हणून कुठेतरी जातो; तुमचा सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. ४० फूट म्हणजे १२,१९२ मिलिमीटर. तुमचीच फाइल छापली असेल, तर एक पिक्सेल फ्लेक्सवर सुमारे ०.८५ मिलिमीटरचा येतो. फाइल एजन्सीतून प्रेसकडे व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून गेली असेल, तर तिची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते आणि तोच पिक्सेल साडेसात मिलिमीटरचा होतो. जेपेग (फोटो दाबून लहान करण्याची पद्धत) ८ बाय ८ पिक्सेलचे ठोकळे पाडतं, त्यामुळे आकाशाच्या सपाट भागात सहा-सहा सेंटिमीटरचे चौकोन दिसतील. छपाईचं सॉफ्टवेअर पिक्सेलच्या कडा मऊ करतं, पण हे चौकोन बहुधा उरतात. ते दिसले तर तुमची मूळ फाइल छापलीच नाही, असं म्हणता येतं. मोजपट्टी लावून फोटो काढा. चढता येत नसेल तर आजच लेखी कळवा की फ्लेक्स आणि प्रेसला पाठवलेली फाइल, दोन्ही जपून ठेवावी.

३०० डीपीआयची मागणी टिकणारी नाही. या मापाला ती १,४४,००० बाय ७२,००० पिक्सेल, म्हणजे सुमारे १०३७ कोटी पिक्सेल होते. साध्या आरजीबीत (लाल-हिरवा-निळा) ती फाइल ३१ जीबीची, आणि नेहमीची टिफ ४ जीबीपुढे जातच नाही. २० मीटरवरून डोळ्याला सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील सुटा दिसत नाही. तुमचे ३० डीपीआय तिथे पुरून उरतात. कोटेशनमध्ये पिक्सेलचं माप लिहिलेलं असेल आणि 'ओके' त्यालाच आलेलं असेल, तर करार तोच.

आता एक प्रश्न स्वतःला प्रामाणिकपणे विचारा : १४४०० पिक्सेल थेट रेंडर केले होते, की ४००० चं रेंडर सॉफ्टवेअरने ताणलं होतं? कोटेशनमध्ये 'मूळ रेंडर' लिहून ताणलेली फाइल दिली असेल तर तुमची बाजू खरोखर लंगडी आहे, आणि मग तडजोडीतच शहाणपण. थेट रेंडर असेल तर ईएक्सआर फाइल (रेंडरची पूर्ण तपशिलाची मूळ प्रत) आणि रेंडर लॉग (रेंडर कधी, कसं झालं याची नोंद) हा तुमचा आधार. त्या फाइली उघडून पुन्हा सेव्ह करू नका, तारखा बदलतात. प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि शा-२५६ हॅश (फाइलचा जणू बोटाचा ठसा) काढून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. त्याचा भाग 'अ' तुम्ही भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने.

रंग मळकट आल्याची तक्रार निघाली तर ती वेगळी हाताळा. स्क्रीनवरचा झळाळता निळा आणि पोपटी सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंत) बसतच नाही. छापील नमुना कोणी मागितला होता का, हे पाहा.

उद्यम नोंदणीमुळे पैशांबाबत तुमची बाजू भक्कम दिसते. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ नुसार काम मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर ते स्वीकारलं असं धरतात. हरकत २६व्या दिवशी आली. मधल्या काळातल्या फोनवरच्या कुरबुरी यात मोजत नाहीत. मात्र व्हॉट्सअ‍ॅप मेसेज लेखीच, म्हणून जुने चॅट तपासा. पैसे देण्याची मुदत ठरलेली नसेल तर स्वीकृतीपासून १५ दिवस. ठरलेली असली तरी ४५ दिवसांपलीकडे नाही. पुढे कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. अर्ज सूक्ष्म व लघु उपक्रम सुविधा परिषदेकडे करा. निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, आणि ही अट ऐकली की बरेच जण बोलणी करायला येतात. अर्ज एजन्सीविरुद्ध करा. ऑर्डर तिची होती, बिल्डरशी तुमचा करार नाही.

बुकिंग बुडाल्याची भरपाई करार कायद्याच्या कलम ७३ पुढे टिकणं अवघड, इतकं लांबचं नुकसान त्यात बसत नाही. शिवाय नुकसान आटोक्यात ठेवणं त्यांचंही काम होतं : मूळ टिफ त्यांच्याकडे असताना फ्लेक्स पुन्हा का छापला नाही?

मूळ थ्रीडी फाइल देऊ नका. संगणकावर घडलेल्या कलाकृतीचा कर्ता ती घडवून आणणारा, असं कॉपीराइट कायद्याचं कलम २(ड)(सहा) सांगतं, आणि हक्क हस्तांतर कलम १९ प्रमाणे सहीनिशी लेखीच लागतं. ते 'पैसे आम्ही मोजले' म्हणत कलम १७(ब) पुढे करतील. त्यात छायाचित्र, रंगचित्र, व्यक्तिचित्र, कोरीवचित्र आणि चित्रपट आहेत, रेंडरचा उल्लेख नाही. यावर वाद होऊ शकतो, पण मांडणी तुमच्या बाजूची आहे. इमारतीच्या आराखड्याचा हक्क मात्र वास्तुविशारदाचा, तो तुमचा म्हणू नका. विकत घेतलेली झाडं, गाड्यांची मॉडेल दुसऱ्याला देण्यास बहुतेक परवाने मनाई करतात, हेही उत्तरात लिहा.

मेलचं उत्तर याच आठवड्यात द्या. त्यात 'सॉरी' नको, फुकट नव्या रेंडरचं वचन नको. 'माझे हक्क अबाधित ठेवून' असं लिहून एक प्रस्ताव ठेवा : त्याच मशीनवर, माझ्या मूळ टिफमधला २ बाय २ फुटांचा तुकडा खऱ्या मापात छापा आणि लावलेल्या फ्लेक्सशेजारी धरा. खर्च निम्मा-निम्मा.