दुसरं प्रकरण आधी वाच

कोल्हापूर

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझे खासदार यंदा संसदेच्या लोकलेखा समितीवर, म्हणजे सरकारी खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या समितीवर, निवडून गेले आणि कागद वाचायचं काम तुझ्याकडं आलं, हे ऐकून बरं वाटलं. कॅगचा, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल सभागृहाच्या पटलावर येतो त्या दिवशी शड्डू सगळेच ठोकतात. आपल्या खासबागेत शेवटची कुस्ती निकाली होईस्तोवर माणूस हलत नाही, संसदेत मात्र सलामीलाच मैदान रिकामं होतं. तुझं काम त्यानंतरचं आहे.

अहवाल मांडल्यापासून 4 महिन्यांत प्रत्येक मंत्रालयानं आपल्यावरच्या परिच्छेदांबाबत, म्हणजे आक्षेपांबाबत, काय केलं याचं टिपण लेखापरीक्षकांकडून तपासून घेऊन द्यायचं असतं. समिती मोजकेच विषय खोलात जाऊन घेते, सचिवांची साक्ष काढते, शिफारशी करते. त्यांवर सरकारचं उत्तर 6 महिन्यांत. मग त्या उत्तरांवर समितीचा आणखी एक अहवाल निघतो. तो सहसा कुणी उघडत नाही. तू उघड.

त्यात पाच प्रकरणं असतात. पहिल्यात समितीचं म्हणणं, दुसऱ्यात सरकारनं मान्य केलेल्या शिफारशी, तिसऱ्यात उत्तर पाहून समितीनं सोडून दिलेल्या, चौथ्यात उत्तर न पटल्यानं पुन्हा बजावलेल्या, पाचव्यात अंतरिम उत्तरावर लोंबकळणाऱ्या. जाणकार चौथ्यावर झडप घालतात, भांडण तिथं असतं ना! मी म्हणतो, दुसरं आधी वाच. जे मान्य झालं, त्याच्याकडं पुन्हा कुणी फिरकत नाही.

समज, शिफारस अशी आहे: आधीच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, आल्याशिवाय पुढचा हप्ता सोडू नये. उत्तर येतं, ‘शिफारस मान्य. सर्व संबंधितांना आवश्यक त्या सूचना निर्गमित करण्यात आल्या आहेत.’ आता पेन्सिल घे. सूचना कुठल्या तारखेची? परिपत्रकाचा क्रमांक काय? ‘संबंधित’ म्हणजे नक्की कोण? आणि मुख्य म्हणजे, त्या तारखेनंतर प्रमाणपत्राअभावी एखादा तरी हप्ता अडवला का? केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत या प्रमाणपत्राला आर्थिक वर्ष संपल्यापासून 12 महिन्यांची मुदत आहे, त्यामुळं ‘पाठपुरावा सुरू आहे’ या वाक्याला फार दिवस आसरा मिळत नाही. त्याच मंत्रालयावरचा पुढचा लेखापरीक्षा अहवाल शेजारी ठेव. तोच आक्षेप नव्या आकड्यासह पुन्हा दिसला, तर सूचना कागदावरच राहिल्या असं समजायला हरकत नाही.

लेखापरीक्षक म्हणजे देव नव्हे, हेही ध्यानात असू दे. कधी आक्षेपच तोकडा असतो आणि खात्याचं म्हणणं रास्त असतं. तिसरं प्रकरण त्यासाठी आहे, ते रागानं वाचू नकोस.

समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नाही. मग तिला कोण भीक घालतं, असं तू विचारशील. जिल्हा परिषदांचा कारभार तपासणारी विधिमंडळाची पंचायत राज समिती जिल्ह्यात येणार म्हटलं की काय होतं, ते आठव. रात्री उशिरापर्यंत आक्षेपांची पूर्तता लिहिली जाते, झालेल्या कामांची मोजमाप पुस्तकं शोधली जातात, बदली होऊन गेलेल्या कारकुनालाही फोन जातो. लोक हसतात त्याला. मला वाटतं, साक्षीला बसावं लागेल ही धास्तीच समितीचं खरं हत्यार आहे. दिल्लीतल्या सचिवांनाही ती लागू पडते, पण प्रश्न नेमका असेल तरच.

1967 पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडं देण्याचा प्रघात आहे, मंत्र्याला सदस्य होता येत नाही, हे सगळं चांगलंच. पण 22 सदस्यांची ही समिती दरवर्षी नव्यानं निवडली जाते, आणि सचिवही बदलतात. नवा सचिव ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणतो, आणि त्याचं खोटं असतं असंही नाही. म्हणून वही तू ठेव: शिफारस, उत्तराची तारीख, दाखवलेला पुरावा. ‘शेरा’ हा रकाना नकोच, त्यात वाटेल ते भरलं जातं.

खासदारांच्या हाती दहा प्रश्न देऊ नकोस. वेळ थोडा असतो आणि सचिव सगळ्यांत सोप्या प्रश्नावरच लांबण लावतात. एकच दे: ‘ते परिपत्रक आणि त्यानंतर अडवलेल्या हप्त्यांची यादी समितीला कधी देता?’ तारीख सांगितली की ती कार्यवृत्तात आली का, हे दुसऱ्या दिवशी बघ.

दिवाळीला येशील तेव्हा एका मंत्रालयाचा तक्ता करून आण. एकाचाच, आणि हातानं केलेला. बसू दोघं.

तुझा,
काका