अल्पदृष्टी असलेल्यांना आमचा गेम खेळता यावा म्हणून काय बदलावं? फॉन्ट मोठा केला की पुरेल का?

तुम्ही लिहिलंय की गोडो ४ या गेम बनवायच्या इंजिनमध्ये वरून दिसणारा टूडी गेम केलाय, मजकूर मराठीत आहे आणि कमी दिसणाऱ्या एका खेळाडूने 'शत्रू ओळखू येत नाहीत, सूचना वाचता येत नाहीत' असं कळवलं. नुसता फॉन्ट मोठा करून भागणार नाही. सूचना वाचता येतील, पण शत्रू हरवलेलेच राहतील.

आधी एक लक्षात घ्या. काचबिंदूत बहुतेक वेळा कडेची नजर जाते, त्यामुळे कोपऱ्यातला मिनिमॅप (छोटा नकाशा) आणि जीवनपट्टी (हेल्थ बार) सापडत नाही. मॅक्युलर डीजनरेशनमध्ये (डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजतो) नेमकं मधलं दिसत नाही. मोतीबिंदू किंवा अल्बिनिझम (रंगद्रव्याचा जन्मजात अभाव) असेल तर पांढऱ्याशुभ्र मेनूची तिरीप सहन होत नाही. म्हणून 'अल्पदृष्टी मोड' असं एकच बटण ठेवू नका. मजकुराचा आकार, कॉन्ट्रास्ट (उजळ-गडद यांतला फरक), जीवनपट्टीची जागा, आवाजी सूचना हे सगळं वेगवेगळं बदलता आलं पाहिजे.

मजकुरापासून सुरुवात करा. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स मार्गदर्शक तत्त्वांत १०८०पी स्क्रीनवर किमान आकार पीसीसाठी १८ पिक्सेल आणि टीव्हीवर खेळायच्या कन्सोलसाठी २६ पिक्सेल दिलाय, शिवाय तो २०० टक्क्यांपर्यंत वाढवता यावा असं म्हटलंय. देवनागरीत वेलांटी, रफार, उकार यांनाच बरीच उंची जाते आणि मूळ अक्षर लहान होतं. त्यामुळे पीसीवरही मी २८च्या खाली जाणार नाही. एक टाइपच्या 'मुक्त' फॉन्टचं मीडियम किंवा सेमीबोल्ड वजन घ्या, फार बारीक वजनं टाळा.

मजकूर उठून दिसावा म्हणून अक्षरांना जाड काळी आउटलाइन देतात, ती मराठीत घात करते. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एवढ्याशा फटीवर आणि गाठीवर असतो. आउटलाइनने ती फट बुजते आणि 'धार' 'घार' होते. त्याऐवजी मजकुरामागे ८५ टक्के किंवा जास्त अपारदर्शक काळा पॅनेल ठेवा. मागचं दृश्य कितीही भडक असलं तरी पांढरी अक्षरं वाचता येतात.

२०० टक्क्यांवर दुसरी अडचण येते, बटणातला मजकूर कापला जातो. ठरावीक रुंदीची बटणं काढून सगळं कंटेनरमध्ये (मजकुरानुसार आकार घेणाऱ्या चौकटीत) टाका, लेबलांना ऑटोरॅप लावा म्हणजे मजकूर पुढच्या ओळीत जाईल, आणि सेटिंग्जचं पान स्क्रोल कंटेनरमध्ये ठेवा. प्रोजेक्टचा स्ट्रेच मोड (गेम स्क्रीनच्या आकाराला कसा ताणायचा ते ठरवणारी सेटिंग) 'कॅनव्हास आयटम्स' असू द्या. 'व्ह्यूपोर्ट' मोडमध्ये अख्खं चित्र ताणलं जातं आणि अक्षरं फाटतात.

आता शत्रू. २०२०च्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट २' मध्ये हाय कॉन्ट्रास्ट मोड आहे. त्यात परिसर करडा होतो, शत्रू लाल, सोबती निळे आणि उचलायच्या वस्तू पिवळ्या दिसतात. ही कल्पना टूडीत सहज आणता येते, पण रंग डोळ्यांच्या अंदाजाने निवडू नका. शुद्ध लाल आणि मध्यम करडा (१२८, १२८, १२८) यांचा कॉन्ट्रास्ट जेमतेम १.०१:१ भरतो (१:१ म्हणजे उजळपणात काहीच फरक नाही), म्हणजे रंग ओळखू न येणाऱ्याला शत्रू गायब! शुद्ध निळा काळ्यावरही फक्त २.४४:१ आहे. वेबसाइट सगळ्यांना वापरता याव्यात म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी मानकात चिन्हांसाठी किमान ३:१ आणि साध्या मजकुरासाठी ४.५:१ मागितलंय, गेमसाठीही तोच आधार धरा.

पार्श्वभूमीच्या शेडरमध्ये (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) रंग आधी करडा करा आणि त्याला ०.२ ने गुणा. मग सगळ्यात उजळ जागाही २५५ पैकी ५१च्या वर जात नाही. त्यावर शत्रूंचा लाल ३.१६:१, निळ्याऐवजी नायकाला दिलेला आकाशी (०, २५५, २५५) साधारण १०:१ आणि वस्तूंचा पिवळा ११.८:१ मिळतो. लाल काठावर पास होतोय, म्हणून शत्रूंना ३ ते ४ पिक्सेलची पांढरी कड द्या. ही कड शेडरने काढताना हमखास कापली जाते, कारण चित्राच्या चौकटीबाहेर शेडर रंगवू शकत नाही. प्रत्येक स्प्राइटभोवती (पात्राच्या किंवा वस्तूच्या चित्राभोवती) निदान ६ पिक्सेल पारदर्शक जागा सोडा. अ‍ॅटलस (अनेक चित्रं एकत्र असलेली एकच फाइल) वापरत असाल तर तीच मोकळी जागा शेजारच्या चित्राचे तुकडे कडेत शिरू देत नाही. आकाशी आणि पिवळा उजळपणात जवळजवळ सारखे आहेत, तेव्हा नायक आणि वस्तू आकारानेही वेगळ्या दिसू द्या.

कॅमेरा हलणं, ब्लूम (उजळ जागांभोवतीची चमक), ब्लर (धूसरपणा) आणि दाणेदार फिल्टर यांना बंद करायचे पर्याय द्या. हे अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आवाजाकडे मात्र नीट वेळ द्या. गोडोचा आवाज वाजवणारा नोड ऑडिओस्ट्रीमप्लेअर२डी डावं-उजवं आपोआप सांभाळतो, वर-खाली सांगत नाही. वरचा शत्रू चढ्या स्वरात आणि खालचा उतरत्या स्वरात वाजवा. सूचनांचा बस (आवाजाची वाहिनी) संगीतापासून वेगळा ठेवा आणि संगीताच्या बसवर साइडचेन कॉम्प्रेसर (एका आवाजामुळे दुसरा कमी करणारा इफेक्ट) लावा, म्हणजे सूचना वाजली की संगीत दबेल.

मेनू वाचून दाखवायला गोडोचं टेक्स्ट टू स्पीच (मजकूर बोलून दाखवणारी सोय) वापरा. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये ते आधी चालू करावं लागतं. फोकस (मेनूत निवडलेली ओळ) बदलला की चालू वाक्य तोडून नवं सुरू करा, नाहीतर भराभर खाली जाणाऱ्याला मागचीच नावं ऐकू येत राहतात. मशीनवर मराठी आवाज आहे का तेही तपासा. नसेल तर हिंदी आवाज घ्या, उच्चार थोडे बिघडतील पण देवनागरी वाचली जाईल. ४.५ आवृत्तीपासून गोडोत स्क्रीन रीडरचाही (स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरचाही) आधार आलाय.

हे सगळे पर्याय गेम पहिल्यांदा उघडल्यावर, सुरुवातीच्या दृश्याआधी, वाचनाच्या आवाजासह समोर आले पाहिजेत. जो मेनू वाचू शकत नाही तो सेटिंग्जपर्यंत पोहोचणार कसा?

तपासायला लढाईचा स्क्रीनशॉट घ्या, रंग काढून टाका आणि रुंदी ४८० पिक्सेल करा. नायक, शत्रू आणि वाट एका नजरेत सापडली नाही तर शेडरकडे परत जा. त्यानंतर कळवणाऱ्या त्या खेळाडूलाच मोबदला देऊन खेळायला बसवा, आणि तो कुठे अडतो ते मध्ये न बोलता लिहून घ्या.