वाचकांचे प्रश्न : दोन काँगो आणि साबुदाण्याचा कंद

नकाशात दोन काँगो दिसतात, जुन्या ॲटलासमध्ये झाईर. देश नक्की किती? (वाचक, सातारा)

दोनच. काँगो नदीच्या एका काठावर किन्शासा, समोर ब्राझाव्हिल. एका राजधानीतून दुसरी सरळ दिसते. किन्शासाचा तो काँगो लोकशाही प्रजासत्ताक. ही बेल्जियमची वसाहत ३० जून १९६० रोजी स्वतंत्र झाली आणि मोबुटूंच्या राजवटीत, १९७१ ते १९९७, झाईर म्हणवली गेली. ब्राझाव्हिलचा देश फ्रेंचांकडे होता, तोही १९६० मध्येच सुटला. सरकारी कामकाज दोन्हीकडे फ्रेंचमध्ये चालते, पण किन्शासाच्या बाजारात लिंगाला.

काँगोतले लोक रोज कसावा खातात. तो विषारी असतो म्हणे! मग त्याच कंदाचा आपला साबुदाणा? (वाचक, ठाणे)

साबुदाणा बिनधास्त खा. त्यासाठी कंद किसून, धुऊन फक्त सत्त्व काढतात. विषारी द्रव्य पाण्यात विरघळणारे, त्यामुळे ते धुतलेल्या पाण्यातच जाते. काँगोत खाण्यात येतो तो कंदाचा सगळा गर, म्हणून खटाटोप मोठा.

कडू जातीच्या कंदात सायनाइड साखरेला बांधलेले असते. पेशी फुटल्या की कंदातलेच एन्झाइम ते मोकळे करते आणि मग ते उडून जाते. कच्च्या कंदाचे मोठे तुकडे थेट उकळले तर उष्णतेने आधी एन्झाइमच मरते, विष आत राहते. म्हणून कंद ओढ्यात किंवा पिंपात तीन-चार दिवस भिजत घालतात. बोटाने दाबला की गर दबला पाहिजे. मग मधली शीर ओढून काढायची, गर उन्हात वाळवायचा, कांडायचा, चाळायचा. हे पीठ उकळत्या पाण्यात घालून लाकडी दांड्याने घोटले की फुफू. आपल्या उकडीसारखेच, एकदम ओतले की गुठळ्या. न वाळवता तोच लगदा पानांत गुंडाळून शिजवला की क्वांगा, जो कित्येक दिवस टिकतो, म्हणून प्रवासात सोबत. कसाव्याचा पाला, म्हणजे पोंडू, तोही आधी कुटायचा, मग उकळायचा. कारण तेच.

घोळ होतो तो घाईत. दुष्काळात, किंवा शहराकडे जाणारा ट्रक गाठायचा म्हणून, भिजवण एक-दोन दिवसांवर येते. जोडीला ताटात मासे-कडधान्य नसेल तर सायनाइड निकामी करायला लागणारे गंधकयुक्त घटक शरीराला मिळत नाहीत. मग कोंझो होतो : दोन्ही पाय अचानक ताठरतात, ते कायमचेच. बळी बहुतेक मुले आणि तरुण बायका. उपाय बिनखर्ची आहे : पीठ ओले करून एक सेंटिमीटरहून पातळ पसरायचे, दोन तास उन्हात किंवा पाच तास सावलीत, आणि त्याच दिवशी शिजवायचे.

कामासाठी किन्शासाला जायचे आहे. लस लागते का? (वाचक, पुणे)

पिवळ्या तापाची, सक्तीने. प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते. ते हातातल्या सामानात ठेवा, कारण परतताना भारतातही दाखवावे लागते. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हिवतापाच्या गोळ्यांचे डॉक्टरांना वेगळे विचारा. ही लस त्यावर चालत नाही.