वाचक विचारतात : रूट कॅनॉलमधला सीलर कोणता चांगला?

प्रश्न : माझ्या खालच्या दाढेचं रूट कॅनॉल चालू आहे. नळ्या साफ करून झाल्या, पुढच्या वेळी भरायच्या आहेत. डॉक्टरांनी दोन पर्याय दिले : नेहमीचा रेझिन सीलर किंवा बायोसिरॅमिक. दुसरा महाग आहे. त्याने दाढ जास्त टिकेल का?

मुळातली नळी सीलरने भरतच नाहीत. ती भरतात गटापर्चाच्या बारीक, निमुळत्या कांडीने. गटापर्चा हा झाडाचा चीक, रासायनिक दृष्ट्या रबराचा सख्खा भाऊ. कांडीत तो साधारण पाचवा हिस्साच असतो. बाकी बहुतेक झिंक ऑक्साइड आणि एक्स-रेत पांढरं दिसावं म्हणून घातलेले क्षार. या कांडीची एकच मोठी उणीव आहे : ती दाताला चिकटत नाही. कांडी आणि भिंत यांच्यामधली फट, आणि नळीला फुटलेले बारीक फाटे बुजवायला सीलर लागतो. सीलरसाठीच्या आयएसओ ६८७६ या मानकानुसार त्याचा थर ५० मायक्रोमीटरपेक्षा जाड राहता कामा नये, म्हणजे केसाइतका किंवा त्याहूनही पातळ. कारण बहुतेक सीलर थोडे आकसतात किंवा ओलाव्यात थोडे विरघळतात. थर जितका जाड, तितकी पुढे गळती जास्त.

रेझिन सीलर म्हणजे बहुधा इपॉक्सी. दोन पेस्ट सारख्या प्रमाणात कालवायच्या, आणि तो सावकाश, काही तासांनी घट्ट होतो. विरघळतो अगदी नगण्य आणि भिंतीला चांगला धरतो. कित्येक दशकांच्या वापरातून तो तावून सुलाखून निघालाय. बायोसिरॅमिक हा सिमेंटच्या कुळातला, कॅल्शियम सिलिकेटचा. दाताच्या भिंतीतला ओलावा शोषून तो घट्ट होतो. घट्ट होताना कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, पीएच ११ च्या वर जातो आणि त्यात जंतूंना टिकणं अवघड होतं. हाडाला तो छान मानवतो. मात्र प्रयोगशाळेतल्या चाचण्यांत तो इपॉक्सीपेक्षा जास्त विरघळतो, आणि पुढे कधी नळी पुन्हा उघडायची वेळ आली तर काढायला चिवट असतो.

रुग्णांवर केलेल्या तुलनांमध्ये दोन्हींच्या यशात ठळक फरक दिसलेला नाही. त्यामुळे साध्या, नीट साफ झालेल्या नळ्यांसाठी केवळ दाढ जास्त टिकेल या आशेने जादा पैसे मोजायची गरज नाही. मुळाचं टोक रुंद उघडं असेल किंवा मूळ झिजलेलं असेल, तर मात्र बायोसिरॅमिकच्या बाजूने आमचं मत स्वच्छ आहे. नव्या पदार्थाबद्दल थोडं सबुरीनं घ्यावं, याचं एक कारण आहे. २००४ च्या सुमारास रेझिलॉन नावाची कांडी आली. सीलर, कांडी आणि दात मिळून एकजीव ठोकळा होईल, असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढे ती दातातच विघटित होते असं दिसलं आणि ती मागे पडली.

डॉक्टरांना सीलरपेक्षा हे तीन प्रश्न आधी विचारा : काम करताना दातावर रबर डॅम (लाळ आत येऊ न देणारा रबरी पडदा) लावता का? नळी हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रवाने पुरेसा वेळ धुतली का? वरचं पक्कं फिलिंग कधी?

प्रश्न : मी दंतवैद्य आहे. अलीकडे बायोसिरॅमिक वापरतो. काही वेळा तो घट्ट झालेला वाटत नाही, गरम गटापर्चाबरोबर तर कोरडा पडून भुसभुशीत होतो. चूक कुठे?

बहुधा दोन ठिकाणी : ओलावा आणि उष्णता.

इपॉक्सीच्या सवयीने नळी ठणठणीत कोरडी केली जाते, कधी अल्कोहोलनेही. बायोसिरॅमिकला पाणी दाताच्या सूक्ष्म नलिकांतून मिळतं. ते उडवून टाकलं तर तो घट्ट होणार कसा? पेपर पॉइंट (नळी टिपून घ्यायच्या कागदी कांड्या) वापरा आणि शेवटच्या पॉइंटचं फक्त टोक किंचित दमट आलं की थांबा. उलट, तळाशी पाणी साचलेलं असेल तर सीलर धुऊन जातो. पॉइंट अर्ध्यापर्यंत भिजून येत असेल, किंवा त्यावर रक्त वा पू दिसत असेल, तर त्या दिवशी नळी भरूच नका.

धुण्याचा क्रमही तपासा. १७ टक्के ईडीटीए हा धुण्याचा द्रव एक मिनिट ठेवला की स्मिअर लेयर (भिंतीवर बसलेला भुग्याचा पातळ थर) निघतो, पण मागे राहिलेला ईडीटीए कॅल्शियमला धरून ठेवतो आणि सीलर घट्ट होण्यात अडथळा आणतो. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने भरपूर धुवा. हायपोक्लोराइटनंतर लगेच क्लोरहेक्सिडिन हे दुसरं जंतुनाशक घालू नका. दोन्ही भेटले की तपकिरी गाळ बसतो आणि नलिकांची तोंडं बुजतात.

उष्णतेचं म्हणाल, तर पाण्यात कालवायचे बायोसिरॅमिक तापलेल्या प्लगरपाशी (गटापर्चा दाबायच्या दांडीपाशी) आटतात. त्यांच्याबरोबर थंड, एकच नीट बसणारी कांडी वापरा. काही तयार पेस्टना उष्णता चालते. ते उत्पादकाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असेल तरच करा.

सीलरच्या सिरिंजचं टोक नळीच्या वरच्या तिसऱ्या भागापलीकडे नेऊ नका. तिथे थोडासा सोडा, कांडीच्या खालच्या टोकाला पातळ माखा आणि ती हळूहळू, एका दमात खाली न्या. वरखाली हलवलीत तर पंपासारखा दाब बसून सीलर मुळाबाहेर जातो. त्याआधी कांडी पूर्ण लांबीवर नेऊन ओढून पाहा. हाताला किंचित अडकल्यासारखी लागली पाहिजे. ती सैल असेल तर जाड थराचा भार सीलरवर पडतो, आणि ते त्याचं काम नव्हे.

प्रश्न : झिंक ऑक्साइड-युजेनॉलचा (युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातला घटक) जुना पावडर-द्रव सीलर अजून चालेल का?

चालेल, हात बसलेला असेल तर. काचेच्या पाटीवर पावडर थोडी थोडी घालत घोटा. स्पॅच्युला चपटा टेकवून वर उचलला की सीलरची तार साधारण अडीच सेंटिमीटर ताणली जाऊन मग तुटली पाहिजे. आधीच तुटली तर मिश्रण फार घट्ट आहे. तुटायचं नाव न घेता लोंबत राहिली तर पातळ आहे, आणि पातळ मिश्रणात मोकळं युजेनॉल जास्त. हेच युजेनॉल कंपोझिटला (दाताच्या रंगाच्या रेझिन फिलिंगला) नीट कडक होऊ देत नाही. म्हणून वर कंपोझिट किंवा फायबर पोस्ट (मुळात बसवायचा तंतूंचा खुंट) येणार असेल तर इपॉक्सी निवडणं बरं. नाहीतर भिंती अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून वरचा पातळ थर खरवडून काढा.

पुढच्या दातात चांदीची पूड असलेला सीलर नको, दात काळवंडतो. दुसरा कुठलाही असला तरी हिरडीच्या रेषेच्या दोन मिलिमीटर खालपर्यंत काढून टाका.

आणि डब्यावर पॅराफॉर्माल्डिहाइड लिहिलेलं दिसलं तर ती पावडर वापरूच नका. ती खालच्या जबड्यातल्या नसेपर्यंत गेली तर ओठाचा बधिरपणा कायमचा राहू शकतो.

प्रश्न : रूट कॅनॉलनंतरच्या एक्स-रेत मुळाच्या टोकाबाहेर पांढरा ठिपका दिसतो. काळजी करू का?

तो बाहेर आलेला सीलर. एवढासा ठिपका असेल तर चावताना दोन-चार दिवस ठसठसतं आणि शांत होतं. हाड त्याला सहसा सामावून घेतं. मात्र खालच्या दाढेच्या बाबतीत एक खूण लक्षात ठेवा. भुलीचा असर उतरायला हवा होता, तरी खालचा ओठ किंवा हनुवटी बधिर आहे, झिणझिणते आहे, असं झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. नसेवर दाब किंवा रसायनाचा दाह असेल तर तास मोलाचे असतात, मग सीलर कोणताही असो.

प्रश्न : नळ्या भरून झाल्या, दुखणं थांबलं. कॅप दोन-तीन महिन्यांनी बसवली तर चालेल?

तात्पुरत्या फिलिंगवर नाही. ते किमान साडेतीन मिलिमीटर जाड असलं तरी काही आठवड्यांपुरतंच. १९९५ मध्ये रे आणि ट्रोप यांनी हजाराहून अधिक दातांचे एक्स-रे तपासले. मुळाच्या टोकाशी आजार राहतो की नाही, याच्याशी वरच्या फिलिंगचा संबंध नळीच्या भरावापेक्षाही जास्त आढळला. निदान पक्कं फिलिंग आठवड्या-दोन आठवड्यांत करून घ्या, कॅप नंतर बसवली तरी चालेल. दरम्यान त्या दाढेने कडक काही चावू नका. तात्पुरतं फिलिंग पडून गटापर्चा महिनोन्‌महिने लाळेत उघडा राहिला असेल, तर दुखत नसलं तरी कॅपच्या आधी नळ्या पुन्हा साफ करून नव्याने भराव्या लागतात.