सिल्व्हर ओकची साल चामड्याला चालेल का?

प्रश्न : माझ्या साडूंचा कोडगूत कॉफीचा मळा आहे. सावलीला लावलेले सिल्व्हर ओक ते प्लायवूडवाल्यांना विकतात. ओंडके जातात, सालीचे ढीग मागे राहतात. ही साल कोल्हापूरला आणून चपलांच्या चामड्यासाठी खपेल का?
– एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : साडूंना आधी फोन करा आणि सांगा, ट्रक ठरवू नका.

चामडं कमावायचा माझा धंदा होता तेव्हा बाभळीची साल स्वस्त मिळाली म्हणून मी ट्रकभर उतरवून घेतली. वळवानं झोडपलं. ढिगाखालून तांबडं पाणी गटारात गेलं, ते टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारा सालीतला तुरट अर्क, म्हणजे माझे पैसेच. उरलेल्या सालीला बुरशी आली, कातड्यांवर डाग पडले. तुमच्या ढिगांवर तर कोडगूचा पाऊस पडलाय. तेव्हा जुनी साल विसरा, ताजी सोललेली सावलीत वाळवलेली घ्या.

मूठभर साल ठेचून स्टीलच्या पातेल्यात तासभर उकळा. लोखंडी कढई नको, पाणी आपोआप काळं पडेल. चिमूटभर हिराकस (लोखंडाचा क्षार) टाकून काळं झालं तरी हुरळू नका. चहाही काळा होतो! गाळलेलं पाणी गार करून त्यात बिनस्वादाच्या जिलेटिनचं कोमट पाणी थेंबथेंब सोडा. दाट साका बसला तर कातडं कमावणारं टॅनिन आहे, पुढं बोलू. नुसतं धुरकट झालं तर चामड्याचा नाद सोडा.

आपल्याकडं चपलांचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा यांवर कमावतात. बाभळीच्या वाळल्या सालीत शेकडा १२ ते २० टॅनिन असतं, निलगिरी डोंगरातल्या वॅटल या बाभळीच्या जातीतल्या झाडाच्या सालीत ३० च्या वर. तुमच्या मालाची गाठ या दोघांशी आहे, आणि तीही पाचशे किलोमीटरच्या वर भाडं भरून. साल हलकी, फुगीर. ट्रक भरलेला दिसतो, काट्यावर वजन भरत नाही.

साका बसलाच तर किलोभर साल चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेकडं तपासायला द्या. नाही बसला तर तिथल्याच प्लायवूड कारखान्याला बॉयलरसाठी विचारा. माती झाडून, कडकडीत वाळवून द्यायची, नाहीतर बॉयलरच्या जाळीवर खंगर, म्हणजे वितळलेल्या राखेचा खडा, धरतो. बाकीची शेणात कुजवून त्याच झाडांवर चढलेल्या मिरीच्या बुंध्याशी घाला. कच्ची मात्र नको, कुजताना जमिनीतलं नत्र ओढते.